हिज्कीया हे नाव

बाळाला नाव द्यायचं नाही, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्याच्या काचेच्या पेटीवर चिकटपट्टी लावून निळ्या पेनानं लिहिलेलं होतं, ‘बेबी ऑफ रंजिता’. रंजिता म्हणजे मी. तेवढं मला पुरेसं वाटायचं. म्हणजे तो अजून माझाच भाग आहे, पुरता वेगळा झालेला नाही. आणि जो वेगळा झालाच नाही त्याला एकट्याला कोण कुठे घेऊन जाणार? नाव दिलं की तो एकटा पडेल. हे सगळं वेडेपणाचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण त्या दिवसांत शहाणपणाचं काही सुचतच नव्हतं.

दिवस भरायच्या खूप आधी तो आला. बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या ऑफिसातून घरी निघाले होते, कॅबमध्येच कळ आली आणि गाडी तशीच दवाखान्याकडे वळवावी लागली. त्याचं अख्खं पाऊल माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं होतं. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा मोजाव्यात. मी पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून त्याच्या पायाच्या तळव्याला नुसतं बोट टेकवायचे. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, सिस्टरनं बजावलेलं. नुसतं टेकवायचं. कधी तो अंगठा किंचित दुमडायचा आणि मला दिवसभर पुरेल एवढं काहीतरी मिळायचं.

आत आई-वडिलांशिवाय कुणाला सोडत नव्हते. त्यामुळे माझ्या सासूबाई बेळगावहून आल्या त्या थेट बाहेरच्या पॅसेजमधल्या स्टीलच्या खुर्चीवर येऊन बसल्या, आणि तिथेच बसून राहिल्या. अभिजीत त्यांना मम्मी म्हणतो, म्हणून मीही मम्मीच म्हणते. त्यांचं नाव हेमलता. बेळगावात उभा जन्म गेला, शिवणकाम केलं, रविवारी मराठी चर्चमध्ये, त्यांच्या भाषेत देवळात, पाळकांचा उपदेश ऐकत पुढून दुसऱ्या बाकावर बसल्या. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या घरच्यांनी तोंडं फिरवली होती, त्यांनी मात्र माझ्यासाठी स्वतःच्या हातानं ब्लाऊज शिवून आणले होते, तेही मापं न घेता, आणि एकही सैल किंवा घट्ट झाला नव्हता. बाळासाठी शिवलेली टोपडी मात्र त्याच्या डोक्यावर घातली असती तर खांद्यापर्यंत आली असती.

पिशवी खाली ठेवता ठेवता त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, “नाव काय ठेवलंय?”

“अजून नाही, मम्मी.”

“ठेवा की मग.”

अभिजीत शेजारी उभा होता. झोप नसल्यानं त्याचे डोळे तांबारलेले, तरी तो हसला. “मम्मी, आपल्याकडे देवळात घेतल्याशिवाय नाव तोंडातून काढायचं नाही ना? आबांचा नियम होता की.”

“तुझ्या आबांचा होता. माझा नव्हे.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “मला विचारशील तर हिज्कीया.”

“किया? अगं, ती गाडी आहे. पोरं त्याच्या मागे पों पों करत फिरतील शाळेत.”

“करू देत. शाळेला जाईल तेव्हा करतील ना.”

त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र ते ‘जाईल तेव्हा’ असं लागलं, की मी उठून हात धुवायच्या निमित्तानं बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

परत आल्यावर मी विचारलं, “त्या नावाचा अर्थ काय?”

“परमेश्वर बळ देतो, असा. बायबलात आहे, यहूदाचा राजा होता तो. चांगला राजा. बाकीचे बरेचसे बिघडलेले होते, हा तेवढा बरा.” मग माझ्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाल्या, “आजारी पडून उठलेला.”

त्याच दुपारी मी जयनगरला आईला फोन केला. लग्नानंतर अबोला धरलेल्या आईचं मन बाळ झाल्यावर विरघळलं होतं; गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला येता येत नव्हतं, पण दिवसातून चारदा तिचा फोन असायचा. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूतलं. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं की कुठलं काय ते आमचं आम्हालाही सांगता येत नाही.

“राजाचं नाव?” आई जवळजवळ ओरडलीच. “अशा नाजूक पोराला राजाचं नाव ठेवतात होय कुणी? मुद्दाम दृष्ट ओढवून घ्यायची? अगं, तुझ्या आजोबांचं नाव तिप्पोजी का होतं ते ठाऊक आहे ना तुला?”

ठाऊक होतं. तिप्पे म्हणजे कन्नडमध्ये उकिरडा. आजोबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ते जन्मल्यावर त्यांना उकिरड्यावर क्षणभर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं, आणि नावही तेच ठेवलं. नेणाऱ्यानं यावं, नाव ऐकावं, हा तर केर आहे म्हणून नाक मुरडून पुढे जावं.

“म्हातारे होऊन, पणतवंडं बघून गेले,” आई म्हणाली. “स्वल्प विचार कर रंजिता. काहीतरी हलकं नाव ठेव. राजा-बिजा नको.”

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, दोन्हीकडची माणसं मरणाला कान असल्यासारखी बोलत होती. एकीनं त्याला फसवायचं म्हणून उकिरडा सुचवला, दुसरीनं त्याला दरडावायचं म्हणून राजा. आणि मी मूग गिळून बसले होते, की कुणी काही बोलूच नये, कुणाला काही ऐकूच जाऊ नये.

मग त्याचं पोट फुगलं.

सकाळी मी आत गेले तेव्हा पेटीभोवती तिघे उभे होते. एरवी तिथे एकच सिस्टर असते, केरळची, तोंडावर मास्क असला तरी डोळ्यांनी हसणारी. त्या दिवशी तिचे डोळे हसत नव्हते. बाळाचा रंग राखेसारखा झाला होता. मी बोट टेकवलं, अंगठा दुमडला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रक्तात संसर्ग पसरला होता. औषध बदललं होतं, श्वासासाठी नळी घातली होती. मग ते म्हणाले, “आज का दिन देखते हैं.”

आजचा दिवस. म्हणजे काय ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला बाहेर बसायला सांगितलं.

अभिजीतला फोन लावला. तो पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होता, यंत्राच्या भागांची मापं तपासायचं त्याचं काम. “निघतो,” एवढंच म्हणाला. पीण्या ते इकडे म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. तो येईपर्यंत पॅसेजमध्ये मी आणि मम्मी. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून एक कन्नड मालिका चाललेली. त्यातली बाई पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती.

मी मम्मींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाल्या, “रंजिता, आज त्याचं नाव घ्यायला पाहिजे. आत्ता. तुला आत सोडतील तेव्हा तू घे. पाळक नकोत, देऊळ नको, काही नको. नुसती हाक मार.”

“आज कशाला?” मी हात सोडवून घेतला. “आजच कशाला?”

 मला उत्तर कळलंच होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. त्यांनी आशा सोडली, असं वाटलं. नाव म्हणजे निरोपाची तयारी. मी त्यांच्याकडे पाठ करून फोन काढला आणि त्या राजाची गोष्ट शोधली. त्या म्हणाल्या होत्या ना, आजारी पडून उठलेला. मला त्या ‘उठलेला’वर बोट ठेवायचं होतं.

गोष्ट मिळाली. राजाला मरणाचं दुखणं झालं. देवाचा संदेष्टा आला आणि म्हणाला, घरादाराचं काय सांगायचं-सवरायचं ते उरकून घे, तू यातून उठणार नाहीस. राजानं तोंड भिंतीकडे केलं आणि तो ढसाढसा रडला. संदेष्टा वाड्याबाहेर पुरता पोचलाही नसेल तोच देवानं त्याला माघारी पाठवलं, की जा, सांग त्याला, तुझं रडणं ऐकलंय.  मी भराभर पुढे गेले. आणि पुढे लिहिलं होतं, की राजाचं आयुष्य वाढवून दिलं. पंधरा वर्षांनी.

पंधरा. मी ते पुन्हा वाचलं. मोठ्या माणसाला ती सवलत असेल. पण ज्याचा जन्म आत्ताच झालाय त्याला? पंधरा म्हणजे दहावी. मला तो डोळ्यांसमोर दिसला, मिसरूड फुटलेला, पाठीवर दप्तर, दाराशी बूट घालताना माझ्यावर वैतागलेला. आणि मग काहीच नाही. अजून धड श्वास न घेणाऱ्या बाळाच्या पंधराव्या वर्षाची भीती मला वाटायला लागली. आजची भीती पुरेशी नव्हती जणू.

“मम्मी,” मी वळून म्हटलं, “त्या राजाला पंधराच वर्षं मिळाली.”

“व्हय.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी तुम्ही हे नाव...”

“अगं पोरी, त्यानं मागितलं, त्याला आकडा सांगितला. तो राजा. आपल्याला कोण आकडा सांगतंय? मला तर आज संध्याकाळचंही कुणी सांगेना झालंय.” त्या माझ्याकडे वळल्या. “त्याला आयुष्य मोजून दिलं, म्हणून मी ते नाव धरलेलं नाही.”

“मग कशासाठी? दावीद आहे, शलमोन आहे, शंभर नावं आहेत तुमच्यात. हेच का?”

टीव्हीवर जाहिरात लागली. मम्मींनी मांडीवरच्या पदराची एक घडी घातली, मोडली, परत घातली.

“अभिजीतच्या आधी एक झाला होता मला,” त्या म्हणाल्या.

हे मला माहीत होतं. ‘मम्मीचं पहिलं राहिलं नाही,’ असं अभिजीतनं एकदा सांगितलं होतं, तेवढंच.

“मुलगा. कावीळ झाली. पिवळाजर्द पडला होता नुसता. तवा मी त्याच्यासाठी हे नाव काढून ठेवलं. मनात. म्हटलं, ह्याला बळ पाहिजे, तर बळाचंच नाव असू दे. सासऱ्यांना, अभिजीतच्या आबांना, म्हटलं, नाव घेऊ या. ते म्हणाले, बाप्तिस्म्याच्या रविवारी, देवळात, पाळकांच्या तोंडून पहिल्यांदा. त्याआधी घरात कुणी उच्चारायचं नाही. असंच होतं आमच्या घरात. पाळक त्या आठवड्यात बाहेरगावी गेलेले. मग पुढचा रविवार धरला.” त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “शनिवारी गेला तो.”

त्यांनी पदराची घडी परत मोडली.

“जाताना मी त्याला कुशीत घेतलेलं. हाक मारावी वाटली गं. बाळा म्हटलं, राजा म्हटलं, सोन्या म्हटलं. सगळ्याच पोरांना म्हणतात तसं. त्याचं म्हणून जे होतं ते तोंडात येऊन अडलं. सासरे उंबऱ्यात उभे होते. भ्याले मी. अजून त्याची आठवण काढायची म्हटली तर काय म्हणू? ते पहिलं, म्हणतात घरचे. ते राहिलं नाही ते.”

आज मी हे लिहिताना माझे डोळे भरून येतात. पण तेव्हा? तेव्हा मला फक्त एवढंच ऐकू आलं, की हे नाव एका मेलेल्या बाळाचं आहे.  इतकी वर्षं हे नाव एका लहानशा थडग्याशी बसून होतं, आणि आता ते उठून माझ्या काचेच्या पेटीकडे निघालंय, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी उभी राहिले.

“म्हणजे गेलेल्या पोराचं नाव तुम्ही माझ्या पोराला लावताय?”

“तसं नव्हं गं...”

“तसंच आहे. ते नाव त्याचं आहे. त्यालाच द्या ना मग. माझ्या बाळापासून लांब ठेवा ते.”

पलीकडे बसलेलं एक जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. मम्मी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्या, कुणीतरी लांबून हाक मारावी आणि कुठून आली ते कळू नये, तशा दिसल्या. मग उठल्या, चपला घातल्या आणि पॅसेजच्या टोकाकडे निघून गेल्या.

अभिजीत आला तेव्हा मी एकटीच बसले होते. त्याच्या शर्टाला कारखान्यातल्या तेलाचा वास येत होता. “काय म्हणाले?”

“काही नाही. अजून काही नाही.”

“मम्मी कुठाय?”

मग मी त्याला सांगितलं. थोडक्यात, धापा टाकत, माझं शेवटचं वाक्यही न लपवता. तो माझ्यावर चिडला नाही. “त्याच्यासाठी हेच नाव ठरवलं होतं?” एवढंच त्यानं विचारलं. “मला कधी बोलली नाही.” आणि माझा हात धरून तो मला पॅसेजच्या टोकाला घेऊन गेला.

जिन्यापाशी एक मोठी खिडकी आहे. खाली रिंगरोड, फ्लायओव्हर, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या. मम्मी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. पाठमोऱ्या. त्या प्रार्थना करतायत असं आम्हाला वाटलं आणि आम्ही मागेच थांबलो. पण ती प्रार्थना नव्हती. अंगणात खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशा सुरात, अगदी हळू, त्या हाका मारत होत्या.

“हिज्कीया. ए हिज्कीया. हिज्कीया, बाळा.”

किती वेळ त्या ते म्हणत होत्या कोण जाणे. एकदा तर किंचित रागावून म्हणाल्या, जसं वेळेवर न येणाऱ्याला म्हणावं. अभिजीतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या दचकल्या. चेहरा सगळा भिजला होता.

“खरं आहे हिचं,” त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “त्याचंच नाव ते. एवढी वर्षं मी ते जपून ठेवलं, कुणाला तरी द्यायचं म्हणून. तुझ्या वेळीही धीर झाला नाही. आणि ज्याचं त्याला द्यायचं, हे मला सुचलंच नाही बघ. आता कुणाला भ्यायचंय मी? सासरे कधीच गेले.”

अभिजीतनं त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही. मग तो म्हणाला, “म्हणजे मला एक हिज्कीयादादा आहे.”

“दादा कसला मेल्या,” मम्मी रडता रडता हसल्या आणि हाताची ओंजळ करून दाखवली, “एवढासा होता!” आणि ती रिकामी ओंजळ तशीच धरून परत रडायला लागल्या.

मी बघत होते. माझी भीती कुठे गेली नव्हती. काचेच्या दारापलीकडे माझं बाळ राखेच्या रंगाचं पडलेलं होतं आणि दार अजून कुणी उघडलं नव्हतं. पण त्या ओंजळीकडे बघताना मला एक वेगळीच भीती चाटून गेली, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. समजा आज संध्याकाळी मला आत बोलावलं आणि त्याला माझ्या कुशीत दिलं. तर मी काय म्हणणार? बाळा. राजा. सोन्या. आणि पुढची सगळी वर्षं? बेबी ऑफ रंजिता?

“मम्मी,” मी म्हटलं. “आमच्याकडे काकाचं नाव पुतण्याला ठेवतात. माझ्या चुलतभावाचं ठेवलंय. तुमच्याकडे चालतं का?”

त्यांनी डोळे पुसायचं थांबवलं.

“आता ते त्याचं झालं ना?” मी पुढे बोलत राहिले, थांबले असते तर बोलताच आलं नसतं. “तुम्ही हाक मारलीत ना त्याला? म्हणजे ते त्याच्याकडे पोचलं. आता ते नुसतं ठेवून दिलेलं नाव नाही. हिज्कीयाकाकाचं नाव आहे. थोरल्या काकाचं. मग तर चालेल.”

“तुला भीती वाटेल गं,” मम्मी म्हणाल्या.

“वाटतेच आहे.”

अभिजीतनं माझ्याकडे बघितलं. “पक्कं?”

“तुम्ही दोघं मला विचारत बसू नका, नाहीतर माझा धीर जाईल.”

आत सोडायची वेळ झाली तेव्हा मी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन चढवला. मम्मी दारापर्यंत आल्या. त्यांनी अजून त्याला पाहिलंही नव्हतं, फक्त माझ्या मोबाईलमधले फोटो. केरळच्या सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मागे वळून एकदा आत पाहिलं, आणि दाराच्या काचेवरचा पडदा हाताच्या पंजाएवढा बाजूला सरकवला. मम्मींनी काचेला कपाळ टेकलं.

मी झरोक्यातून हात आत घातला. तळव्याला बोट टेकवलं. नळ्या, चिकटपट्ट्या, वरखाली होणारी इवलीशी छाती.  इतका साधा शब्द, पण तो उच्चारला की माझं आणि त्याचं मिळून जे एक होतं त्याचे दोन होणार होते.

“हिज्कीया,” मी म्हटलं.

काही झालं नाही. यंत्राचा आवाज तोच, पडद्यावरची रेघ तीच. अंगठा दुमडला नाही. मी परत म्हटलं, मग परत. तिसऱ्यांदा म्हणताना ते तोंडात जरा बसलं. “हिज्कीया, मी आई. बाहेर तुझे बाबा आहेत. आजी काचेला नाक लावून उभी आहे, बघितलंस तर हसशील. तुझं नाव तुझ्या काकाचं आहे. तो छोटा होता. तू मोठा हो.”

सिस्टर मागे उभी होती. “नाम रखा?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

“हिस्कियाव!” ती म्हणाली. “हमारे में ऐसा बोलते हैं. अच्छा नाम है.” तिनं खिशातून निळं पेन काढलं, जुनी चिकटपट्टी सोलली, नवी लावली आणि मला विचारून विचारून एकेक अक्षर लिहिलं. मग पेटीवर वाकून, जणू तो कित्येक वर्षांचा ओळखीचा आहे अशा थाटात म्हणाली, “चलो हिस्कियाव, अभी करवट बदलेंगे.” आणि अलगद त्याला कुशीवर केलं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी त्याला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्या वेळी मला रडू फुटलं.

तो दिवस गेला. डॉक्टर संध्याकाळी काही वेगळं म्हणाले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. नाव घेतलं आणि ताप उतरला, असं मला लिहिता येणार नाही, कारण तसं झालं नाही. औषध हळूहळू लागू पडलं. पोट उतरलं, नळी निघाली, राखेचा रंग जाऊन लालसर झाला. मग एक दिवस त्याला माझ्या छातीवर ठेवलं, उघड्या अंगाला उघडं अंग, आणि त्यानं इतक्या जोरात जांभई दिली की सिस्टर म्हणाली, हा राजाच आहे.

आता तो मांडीवर बसतो. हे मी लिहिते आहे ते तो झोपला की, आणि तो फार झोपत नाही. आई त्याला नावानं बोलवत नाही. फोनवर ‘काय करतोय तो?’ एवढंच विचारते, नावाचा उच्चार टाळून.  त्याला शिंक आली तरी मी त्याच्या कपाळाला हात लावून बघते. ते पंधरा वर्षांचं मी कुणाला सांगत नाही, पण ते गेलेलं नाही. दुपारी कधीतरी शाळेच्या बसमधून उतरणारी मोठी पोरं दिसली की मी खिडकीतून आत सरकते.

मम्मी महिन्यापूर्वी बेळगावला परत गेल्या. काल सकाळी त्यांनी एक फोटो पाठवला. काही मजकूर नाही, नुसता फोटो. बाळ माझ्या मांडीवर गाजराचा तुकडा चघळत बसलं होतं. मी फोटो उघडला.

दफनभूमीच्या कंपाउंडची भिंत. तिच्या कडेला उगवलेलं गवत. आणि एक छोटा, नवा, काळा दगड, त्यावर माझ्या मुलाचं नाव.

मी फोन उलटा करून गादीवर टाकला. बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. मीच म्हटलं होतं ना, त्यालाच द्या म्हणून. त्यांनी दिलं. मग आता मी का घाबरतेय? ही अक्षरं, हीच वळणं, मी आदल्याच दिवशी त्याच्या लसीच्या कार्डावर लिहिली होती. दगडावर मी ती कशी बघू?

फोन वाजला. मम्मीच.

“बघितलंस?”

मी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“भ्यालीस होय?”

“हो.”

“मी पण. गवंड्यानं नाव कोरून दाखवलं आणि मला एकदम आपलाच दिसला.  मग म्हटलं, थांब बाबा, खाली अजून एक ओळ घाल. फोटो मोठा करून बघ की. मी धरते फोन.”

मी बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून, एका हातानं फोटो मोठा केला. गवंड्याचं अक्षर जरा वाकडं होतं, पण वाचता येत होतं. नावाखाली बारीक अक्षरात कोरलं होतं, ‘अभिजीतचा थोरला भाऊ’.

“आता कुणी घोटाळा करणार नाही,” मम्मी म्हणाल्या. त्यांच्या मागे कुठेतरी टिटवी ओरडत होती. म्हणजे त्या अजून तिथेच बसल्या होत्या. “बरं, आमचा काय करतोय? दे त्याच्याकडे.”

मी फोन त्याच्या कानाशी नेला. “हिज्कीया,” पलीकडून हाक आली, “ए हिज्कीया.” त्यानं गाजर चघळायचं थांबवलं. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आवाज कुठून आला ते विचारल्यासारखं.  मी फोन तसाच धरून ठेवला.